आधी सांग, कुणी सांगितलं?

मी वाईची. इतिहास घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात आजी, आबा म्हणजे माझे आजोबा, आई, बाबा आणि धाकटा भाऊ. आबा वाईतल्याच एका छापखान्यात जुळारी होते, बाबा एसटीत वाहक आहेत, आई घरी शिवणकाम करते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला आमच्याकडे विकिपीडियाची कार्यशाळा झाली. तिथे मी खाते उघडले आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यातली देवळे, गड, घाट, वीरगळ यांवर मराठी विकिपीडियात लिहीत आले. तिथे जे नियम म्हणून समोर आले त्यातले बरेचसे घरात आधीच कानावर पडलेले होते, हे लिहिता लिहिता लक्षात आले. कॉलेजातली नवी मुले ‘सुरुवात कशी करू’ म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. ऐकलेली गोष्ट सांगण्याआधी ती कुणाकडून ऐकली ते सांगावे.

रात्री आम्ही सगळे एकत्र जेवतो. शाळेत असताना दिवसभराच्या बातम्या मी त्याच वेळी सांगायची. आबा घास थांबवून विचारायचे, "कुणी सांगितलं?" ‘सगळे म्हणतात’ हे उत्तर त्यांना चालायचे नाही. ‘वर्गातल्या मुलीने सांगितले, तिला तिच्या मामाने’ असे म्हटले तर पुढचा प्रश्न यायचा, "मामानं स्वतः पाहिलं का?" आजी मध्ये पडायची, "जेवू द्या हो पोरीला." आबा मला जेवू द्यायचे, पण प्रश्न मागे घ्यायचे नाहीत.

ही सवय त्यांना छापखान्याने लावली. हाताने खिळे जुळवायचे दिवस होते. एक शब्द बदलायचा तर ओळ सरकायची, ओळ सरकली की खालच्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागायच्या. म्हणून मजकुरातले एखादे नाव किंवा साल खटकले की जुळवायला घेण्याआधीच ते विचारून घ्यायचे. वाईचे वातावरणही तसेच होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावात चालले होते, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. नोंदी लिहिणारे, तपासणारे लोक आबांना रोज रस्त्यात भेटायचे. एवढ्याशा नोंदीसाठी किती ग्रंथ उघडावे लागतात, हे त्यांनी त्या माणसांकडून ऐकले होते.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक, असे आमच्याकडे लहान पोरही सांगते. भीमाशंकरच्या देवळाशीही अशीच एक घंटा आहे. मी मेणवलीच्या लेखात घंटेबद्दल लिहिले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी चर्चा पानावर एका अनोळखी सदस्याचा प्रश्न होता: ही माहिती कुठे छापलेली आहे? मला एकदम घरी असल्यासारखे वाटले. कार्यशाळेतल्या इतर मुलींना असा प्रश्न म्हणजे अपमान वाटला आणि त्यातल्या काहींनी लिहिणेच सोडले. मला तो ओळखीचा होता, म्हणून मी टिकले.

त्या प्रश्नामुळे मी पहिल्यांदा गॅझेटियर उघडले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ सालचा आहे, तर राज्य सरकारचे सातारा जिल्हा गॅझेटियर १९६३ सालचे. वाईचे घाट, देवळे, आसपासचे गड यांची वर्णने जुन्या खंडात आहेत. ज्या घाटावर मी लहानपणापासून खेळले, त्याबद्दल सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणी तरी बारकाईने लिहून ठेवले आहे, हे वाचताना अंगावर काटा आला. कुणी प्रश्न विचारला नसता तर मी तिथवर गेलेच नसते.

२. जवळचा विषय घ्यावा, तोही लहान.

कार्यशाळेत बहुतेकांनी शिवाजी महाराज, बाबासाहेब, पु. ल. देशपांडे अशी नावे घेतली. या लेखांवर अनुभवी मंडळी कधीपासून काम करीत आहेत. तिथे नवख्याने घातलेला शब्द टिकायला आधी पुष्कळ वाचन लागते. त्याउलट मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचे पान उघडून पाहावे. अमुक गाव अमुक तालुक्यातले एक गाव आहे, एवढे एक वाक्य, हवामानाबद्दल सगळ्या गावांना सारख्याच लागू पडणाऱ्या दोन-चार ओळी, आणि खाली लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा असे रिकामे मथळे. अशी पाने शेकड्याने आहेत. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे आणि अजून ही गावे कुणाची तरी वाट पाहत आहेत.

मी किकली घेतले. वाई तालुक्यात, चंदन-वंदन गडांच्या बाजूला हे गाव आहे. भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळांची रांगच्या रांग उभी आहे. बाबांची एसटी त्या बाजूने जायची, म्हणून शाळेत असताना सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तो वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य. काही ठिकाणी तळाशी गाई असतात, म्हणजे गोधन राखताना तो माणूस पडला. किकलीच्या वीरगळांवर युद्धाचे इतके निरनिराळे प्रसंग आहेत की एकेक दगडापुढे अर्धा तास जातो. राजांची चरित्रे लिहायला पुष्कळ जण आहेत. गाई सोडवताना मेलेल्या, नाव नसलेल्या माणसाबद्दल आपल्याच तालुक्यातल्या कुणी तरी लिहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

३. छंदाला वही लागते.

मला दगड बघायची आवड होती, पण ती आवड उपयोगी पडू लागली वही आल्यावर. ही शिस्त बाबांची. वाहकाला प्रत्येक फेरीचा हिशेब वेबिलावर मांडावा लागतो, डेपोत आल्यावर आठवून लिहू म्हणून चालत नाही. माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर रकाने त्यांनीच आखून दिले: गाव, जागा, दगडाचे तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी, किती चौकटी, काय दिसते, कुणी काय सांगितले. यातला ‘काय दिसते’ आणि ‘कुणी काय सांगितले’ हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत. गुरव सांगतो की हा पांडवांच्या वेळचा दगड, ते दुसऱ्या रकान्यात. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसेल तेवढेच.

फोटोंबद्दल थोडे. झिजलेले कोरीवकाम भर दुपारी सपाट दिसते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरपा प्रकाश पडला की तोच घोडा, तोच भाला उठून दिसतो. सावलीतल्या दगडाला एका बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकला तरी काम होते. अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ, रांगोळी, तेल काहीही फासू नये. दगडाला ते सोसत नाही, आणि दगड गावाचा आहे, आपला नव्हे. फोटो काढण्याआधी देवळात जो कुणी असेल त्याला विचारावे. "काका, फोटो घेऊ का?" एवढ्या प्रश्नाने निम्मी माहिती आपोआप हाती येते.

४. धूळपाटीवर पुष्कळ दिवस काढावेत.

मराठी विकिपीडियात सरावासाठी धूळपाटी नावाचे पान मिळते. लेख आधी तिथे मांडावा, नीट झाला की मग मुख्य जागी न्यावा. घाई करणाऱ्यांचे लेख उडतात आणि मग ती माणसेही जातात.

५. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून घेऊ नये, आणि दुसऱ्याच्या वाक्यात आपले घुसडू नये.

यातला पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो, तरी पुस्तकातला किंवा विश्वकोशातला परिच्छेद जसाच्या तसा चिकटवण्याचा मोह फार जणांना होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर प्रताधिकार राहतो आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०२४ला खुले झाले. तोवर ते उतरवून घेणे चालण्यासारखे नव्हते. वाचावे, पुस्तक मिटावे, मग आपल्या शब्दांत लिहावे आणि कुठल्या पानावर वाचले ते खाली द्यावे. दुसरा रस्ता नाही.

दुसरा भाग मी आबांकडून शिकले, आणि त्यासाठी विकिस्रोताकडे यावे लागेल. हा विकिपीडियाचाच भावंड प्रकल्प. प्रताधिकार संपलेली जुनी मराठी पुस्तके तिथे अक्षररूपात आणली जातात. पडद्याच्या एका बाजूला जुन्या पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला संगणकाने ओळखलेला मजकूर. दोन्ही ताडून मजकूर दुरुस्त करायचा. एकाने तपासले की पान पिवळे होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. मी हे काम करताना आबा शेजारी येऊन बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, ही तर मुद्रितं. दाखव इकडे."

त्या दिवसापासून हे आमचे दोघांचे काम झाले. त्यांना टंकलेखन येत नाही, पण त्यांची नजर अजून जुळाऱ्याची आहे. उलटी अक्षरे वाचण्यात आयुष्य गेले, त्यामुळे सुलटी अक्षरे त्यांच्यापुढे काही लपवू शकत नाहीत. ते वाचतात, मी दुरुस्त करते. एकदा जुन्या पुस्तकातले ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार मी काढू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम आले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले, हे त्यांना पाठ आहे, कारण नवशिके असताना ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते जुने जुळारी अनुस्वारांचे खिळे सवयीने उचलायचे. पण हे पुस्तक त्याआधीचे. "लेखकानं जसं लिहिलं, छापणाऱ्यानं जसं छापलं, तसंच ठेवायचं. आपण नवे नियम त्याच्यावर लादायचे नाहीत," आबा म्हणाले. विकिस्रोताचा नियमही नेमका हाच आहे, आणि तो त्यांना कुणी सांगितलेला नव्हता.

छापखाना सुटल्यापासून आबा दुपारी नुसते पडून असायचे. आता जेवण झाले की मला हाक येते. ज्यांच्या घरी असे शिक्षक, जुळारी, ग्रंथपाल, कारकून निवृत्त होऊन बसले आहेत, त्यांनी त्यांना या कामाला जरूर बोलवावे. मराठी छापील मजकूर इतक्या बारकाईने वाचणारी ही शेवटची पिढी आहे आणि तिची गरज आजच आहे.

६. आपले वाक्य कुणी काढले तर आधी कारण वाचावे.

विकिपीडियात कुणीही कुणाचेही लिखाण बदलू शकतो. प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात वेळेसकट नोंदलेला राहतो, त्यामुळे खरे म्हणजे काहीच हरवत नाही. तरीही आपण रात्री जागून लिहिलेला परिच्छेद सकाळी निम्मा झालेला दिसला की वाईट वाटतेच. ‘भव्य’, ‘नयनरम्य’, ‘प्रेक्षणीय’ ही माझी लाडकी विशेषणे अशीच गेली. आई म्हणाली, ब्लाउज अंगाला बसत नसेल तर शिवण उसवावीच लागते, घालणारीला उसवलेले दिसत नाही, नीट बसलेले दिसते. विशेषणांच्या जागी मी मापे घातली, दिशा घातली, बांधणीचे वर्णन घातले. धोमच्या महादेव मंदिरातला नंदी कासवाच्या पाठीवर, कमळाच्या आकाराच्या कुंडात बसवलेला आहे, असे लिहिले की नयनरम्य म्हणायची गरज राहत नाही.

वाद मात्र होतात. गडाचे नाव, गावाच्या नावाची व्युत्पत्ती, कुठल्या घराण्याने काय बांधले, यांवर माणसे हमरीतुमरीवर येतात. चर्चा पानावर उत्तर लिहिण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी लिहिताना माणसाबद्दल एक शब्द नको, फक्त पुराव्याबद्दल बोलावे. समोरचा सदस्य शाळकरी पोरगा आहे की सत्तरीचे आजोबा, हे आपल्याला माहीत नसते, म्हणून सगळ्यांना ‘तुम्ही’. माझ्या लेखांना सर्वांत जास्त मदत ज्यांनी केली ते गृहस्थ आखातात नोकरी करतात, एवढेच मला ठाऊक आहे. रात्रपाळी संपवून ते मराठी लेखांचे दुवे जोडत बसतात.

७. मुलींनी आणि लहानांनी नाव, पत्ता, फोन देऊ नये.

खाते उघडले तेव्हा बाबांनी एवढी एकच अट घातली. मी टोपणनावाने लिहिते, माझा फोटो तिथे नाही. त्यावाचून कधी काही अडले नाही. तिथे वजन संदर्भाला असते, चेहऱ्याला नसते.

८. जे छापलेले नाही ते आधी लिहून काढावे.

हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर विकिपीडियात नाही.

माझ्या आजीचे माहेर धोम धरणात गेले. वाडी कशी होती, देवळापुढे कुठले झाड होते, सामान कसे हलवले, कोण कुठे विखुरले, हे आजीला सगळे आठवते. मी ते लेखात घालू पाहिले तर नियम आडवा आला: प्रकाशित संदर्भ हवा, स्वतः गोळा केलेली माहिती चालत नाही. त्या दिवशी मला फार राग आला होता. पण विचार केल्यावर नियम बरोबर वाटला. उद्या कुणीही उठून ‘माझ्या आजीने सांगितले’ म्हणून काहीही लिहील आणि ते पडताळायला जगात कुणापाशी साधन नसेल. मग प्रश्न असा उरतो की ज्यांच्याबद्दल कधी कुणी छापलेच नाही त्या माणसांचे काय? १८८५च्या गॅझेटियरमध्ये देवळे आहेत, सरदार आहेत, महसूल आहे. धरणाखाली गेलेल्या वाडीतली बाई मात्र कुठल्याच खंडात नाही.

हे काम आपल्याला करावे लागेल, आणि ते विकिपीडियाच्या बाहेर करावे लागेल. मी आजीचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित केले. आरंभी तारीख, तिचे वय आणि ती कुठली हे तिच्याच आवाजात घेतले. मग ते तिच्याच बोलीत, तिचा शब्द न बदलता उतरवले. आजीला वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी "असं नव्हे" म्हणून दुरुस्ती सांगितली आणि एक प्रसंग गाळायला लावला, तो मी गाळला. तिची गोष्ट तिच्या मर्जीनेच बाहेर जायला हवी. कॉलेजच्या वार्षिक अंकात ते छापून आले. अंकाची एक प्रत गावातल्या ग्रंथालयात दिली.

विकिपीडियाच्या कसोटीला असा अंक पुरेसा ठरेल की नाही, यावर तिथले जाणते सदस्य वेगवेगळी मते देतात. मला त्याची आता फिकीर नाही. आजीचे बोलणे कागदावर आले, त्यावर तारीख आहे, नाव आहे. पन्नास वर्षांनी धोमच्या धरणावर लिहायला बसणाऱ्या मुलीला कुणी विचारले की हे कुणी सांगितले, तर तिच्यापाशी उत्तर असेल.

९. अभ्यासावर परिणाम होतो का, हे सगळे विचारतात.

होतो, चांगला होतो. संदर्भ कसा द्यायचा हे मला प्रकल्पाच्या वेळी वेगळे शिकावे लागले नाही. परीक्षेच्या महिन्यात मी लिहीत नाही, एवढेच पथ्य आहे.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचे पान शोधा आणि त्यात काय नाही ते पाहा. मग घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ वही घेऊन बसा, वरच्या कोपऱ्यात आजची तारीख घाला आणि विचारा. लेख पुढच्या महिन्यात लिहिला तरी चालेल, पण त्यांना विचारायचे काम या रविवारच्या पुढे ढकलू नका.